वज्रप्रतापाला तोंड नव्हतं

"ह्याला तोंडच नाही!" दाजीसाहेब म्हणाले.

टीव्हीच्या पडद्यावर डोंगराएवढा लोखंडी माणूस समुद्राच्या कडेला उभा होता. खांदे बुरुजासारखे, छातीवर गंजाचे ओघळ, डोक्याच्या जागी पालथी घातलेली बादली आणि त्या बादलीत दोन पिवळे डोळे. डोळ्यांखाली नुसता सपाट पत्रा.

"बरं हाय की," आण्णा चौगुले म्हणाले. "खायला घालायचा खर्च न्हाई."

"आण्णा, चेष्टा नको. मुख्य पात्राला तोंड नाही, तर ते बोलणार कुठून?"

"अहो, मुख्य पात्र ते पोरगं आहे," हिरावहिनी पीठ लागलेले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "ते बघा, रडतंय ते."

"रडणारं मुख्य पात्र नसतं. मुख्य पात्र मोठं असतं," दाजीसाहेबांनी निकाल दिला.

दाजीसाहेब सरनोबत म्हणजे कोल्हापूरच्या आमच्या श्रीरंगविलास नाटक मंडळीचे मालक, दिग्दर्शक आणि कायमचे नायक. हिरावहिनी त्यांच्या पत्नी आणि कायमच्या नायिका. आण्णा विनोदी नट. आणि मी, मालन जाधव, कायमची प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात बसायचं, मांडीवर नाटकाची वही घ्यायची, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात पोचेल पण प्रेक्षकाला कळणार नाही इतपत आवाजात सोडायचं, हे माझं काम. मंडळीचं शेवटचं नाटक होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी आमच्या जागा बदललेल्या नव्हत्या. त्या दुपारीसुद्धा दाजीसाहेब कोचाच्या मधोमध होते, वहिनी त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसल्या, आण्णा कडेच्या खुर्चीत, आणि मी दाराच्या पडद्याशी स्टुलावर.

मुंबईच्या एका मराठी वाहिनीनं ही जपानी कार्टून मालिका घेतली होती. सोबत आलेल्या मराठी संवादांवरून पहिल्या भागाला आवाज देऊन नमुना पाठवायचा. पुण्या-मुंबईच्या दोन संस्थांनाही तेच सांगितलेलं. ज्याचा नमुना पसंत पडेल त्याला सगळी मालिका. म्हणजे दीड-दोन वर्षांचं काम. मंडळीच्या पाटीवरची धूळ निघणार होती. आणि माझ्या मनात आणखी एक होतं. दाजीसाहेबांनी मला शब्द दिला होता, "मालनबाई, पुढच्या नाटकात तुम्हाला भूमिका." हा शब्द मी लग्नाआधी ऐकला, कपाळ पांढरं झाल्यावर ऐकला आणि गुडघे दुखायला लागल्यावरही ऐकला. एवढ्या सगळ्या पात्रांच्या मालिकेत एखादं माझ्या वाट्याला येईल, म्हणून मी पडद्यावरचं एकेक तोंड मोजून-मापून बघत होते.

तोंडं मात्र कशीही असोत, डोळे भलतेच होते.

"पुरीएवढे डोळे," वहिनी म्हणाल्या. "आणि पाणी तर बघा. एका डोळ्यातनं कळशी भरेल."

"ह्यांच्यात आधी डोळे जन्माला येत्यात," आण्णा म्हणाले. "मग उरलेलं पोरगं."

गोष्ट तशी सरळ होती. समुद्रानं अर्धं शहर गिळलेलं. पाण्यातून मधूनच दगडी राक्षस वर येतात. त्यांना अडवायला आजोबांच्या काळातलं हे एकच यंत्र शिल्लक. ते चालवणारा थोरला भाऊ भिऊन पळून गेलाय. मग धाकटा, केन नावाचा, शाळेच्या कपड्यांतच यंत्राच्या पोटात चढतो आणि भावाच्या जागेवर बसतो. त्याचे पाय खाली टेकत नाहीत.

गोष्ट सरळ, पण सांगायची तऱ्हा आमच्या मंडळीला झेपेना. राक्षस वर आला, तरी पाच-सहा माणसं गच्चीवर नुसती उभी. केस उडतायत. ढग चाललेत. एक कावळा उडून गेला. कुणी बोलेना.

"विसरले की काय सगळे?" दाजीसाहेब अस्वस्थ झाले आणि सवयीनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. जपानी माणूस गप्प झाला, यातही चूक माझीच असावी तसं.

"आपल्या प्रयोगाला एवढा वेळ कोण गप ऱ्हायला असता," आण्णा म्हणाले, "तर पब्लिकनं शेंगा मारल्या असत्या."

पुढं यंत्रानं हात उगारला, आतलं पोरगं हत्याराचं लांबलचक नाव घेऊन ओरडलं, आणि मग हात खाली आला.

"हे मात्र आपल्यासारखं," आण्णा म्हणाले. "दाजीसाहेबांची तलवार म्यानातनं निघस्तोवर आम्ही मागं चहा पिऊन यायचो."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दाजीसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मीही हसत होते. मला तरी त्यात काय कळत होतं! पण मग यंत्र कोसळलं. दिवे गेले. पोरगं अंधारात, समोर एका फटीतून येणारा उजेड, बाहेर सगळा दणदणाट आणि आत हे एकटं, लटकत्या पायांनी. ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं. जपानी मला येत नव्हतं. तरी मी स्टूल पुढं ओढलं. ती जागा माझ्या ओळखीची होती.

"झोपलं वाटतं," आण्णा म्हणाले.

भाग संपल्यावर दाजीसाहेब उठून उभे राहिले. भूमिकांचं वाटप ते नेहमी उभ्यानं करत.

"यंत्र मी करणार. नाव बदलू. वज्रप्रताप."

"त्याला बोलणंच न्हाई की," आण्णा म्हणाले.

"हाच तर फायदा! तोंड नाही म्हणजे ओठ जुळवायचे नाहीत. हवं तेवढं बोलता येईल. हे गप्प उभे राहतात ना, तिथं सगळीकडे वज्रप्रतापाचं स्वगत टाकतो. केनचा केदार करू. तो हिरा करेल."

"मी? या वयात?"

"बालभूमिका बायकांनीच करायच्या असतात. तू ध्रुव केला होतास तेव्हा बायका ओक्साबोक्शी रडल्या होत्या."

"तेव्हा मला धाकटा झाला होता, अहो. अंगावर पाजून स्टेजवर जायची मी."

"म्हणूनच वात्सल्य उतरलं. आण्णा, तुम्ही राक्षस, सेनापती, दोन शास्त्रज्ञ आणि गर्दी."

"गर्दी एकट्यानं?"

"पांगून उभे राहा."

मी वाट बघितली. मग विचारलं, "दाजीसाहेब, मला?"

"तुम्हाला कसं विसरेन! केदारची आई तुमची."

"आई कुठाय यात?"

"आहे ना. सुरुवातीला भिंतीवर फोटो दिसतो बघा. हार घातलेला."

"ती मेलीये."

"म्हणून काय झालं? कॅमेरा फोटोवर येतो तेव्हा एक उसासा टाका. एक उसासा अख्खं नाटक तारून नेतो, मालनबाई."

"फोटो उसासा टाकतोय व्हय?" आण्णांनी विचारलं.

दाजीसाहेब माझ्याजवळ आले. आवाजात साखर घालून म्हणाले, "खरं सांगू का? तुमच्या आवाजाला फेक नाही. इतकी वर्षं कुजबुजून कुजबुजून तुमचा गळा विंगेतच राहिला. तो बाहेर यायचा नाही. आणि तुम्ही भूमिकेत अडकलात, तर प्रॉम्प्टिंग कोण करणार?"

मी वही उचलली. दुसरं काय उचलणार!

शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर सलीम मुल्लाचा स्टुडिओ होता. तिथं भजनांच्या कॅसेटी आणि निवडणुकीच्या रिक्षावरच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या. सलीम तिशीचा, कामात हुशार, बोलायला तिखट. गिरणीवाल्याला हाक मारून त्यानं पट्टा थांबवून घेतला आणि आम्हाला आत घेतलं. मग दाजीसाहेबांच्या मागोमाग मी वही घेऊन शिरले, तसा म्हणाला, "ह्या मावशी?"

"आमच्या प्रॉम्प्टर."

"इथं? कशाला?"

"कलावंत अडखळला तर."

"दाजी, अडखळायचं कारणच काय? कागद समोर धरा आणि वाचा की. मुंबईत समदे वाचत्यात."

"वाचायला ही काय आकाशवाणीची बातमी आहे?" दाजीसाहेब ताठ झाले. "हातात कागद धरून आमच्या मंडळीत कुणी उभं राहिलेलं नाही. पाठांतर करायचं, आणि मागं प्रॉम्प्टर. अशी आमची शिस्त."

"आवो, माइक सगळं धरतोय. ह्यांचं पण येनार त्यात."

"मालनबाईंचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. सांगलीपासून नागपूरपर्यंत सगळ्या थिएटरांत सिद्ध झालंय हे."

"इथं रांगाच न्हाईत, दाजी. माइक त्यांच्या नाकाखाली हाय."

"तुम्ही तुमची बटणं बघा," दाजीसाहेब म्हणाले.

पहिल्यांदा वज्रप्रतापाची स्वगतं झाली. पडद्यावर ते यंत्र गप्प, समुद्राकडं बघत उभं. जपान्यांनी तिथं फक्त वारा ठेवला होता. दाजीसाहेबांनी छाती फुगवली.

"अरे सागरा! फोड, तुझ्या लाटा या पोलादी छातीवर फोडून बघ! या वज्रप्रतापाच्या धमन्यांतून तेल नव्हे, स्वाभिमान सळसळतो आहे! अरे, ज्या दिवशी माझा हा बाहू..."

राक्षस पाण्यातून वर आला. गच्चीपर्यंत पोचला. यंत्राला त्यानं दोन तडाखे दिले. दाजीसाहेब अजून बाहूवरच होते. सलीमनं काचेपलीकडून डोक्याला हात लावला. आण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "राक्षस बिचारा ऐकून घ्यायलाय. संस्कारी दिसतोय."

मग माझी भूमिका आली. भिंतीवरचा फोटो दिसला. मी मन एकवटलं, सगळं आयुष्य छातीत गोळा केलं आणि उसासा सोडला. नेमका त्याच वेळी खाली गिरणीवाल्यानं पट्टा टाकला. कुणाची तरी जोंधळ्याची पाटी तातडीची होती.

"मावशीचा उसासा पिठात गेला," सलीम म्हणाला. "परत घेऊया?"

"नको," दाजीसाहेब म्हणाले. "रंगभूमीवर रिटेक नसतो. फोटोच आहे तो. राहू दे."

असा माझा रंगमंचावरचा प्रवेश झाला.

राहिली केदारची शेवटची जागा, अंधारातली. मी वहिनींच्या मागं, त्यांच्या निऱ्यांशी खाली बसले. वहिनींनी सुरुवात बरी केली, पण पडद्यावर काळोख झाला आणि त्यांचं पाठांतरही काळोखात गेलं. मला त्यांच्या पाठीवरून कळलं. नट विसरला की पाठ आधी सांगते, तोंड नंतर.

मी सोडलं, "घाबरायचं नाही."

"घाबरायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"पाय पोचले नाहीत तरी चालतंय."

"पाय पोचले नाहीत तरी चालतंय."

पुढचं वाक्य अवघड नव्हतं. पण पडद्यावरच्या पोराकडं बघताना ते माझ्याकडूनही जरा उशिरानं निघालं. "मी इथंच आहे."

"मी इथंच आहे," वहिनी म्हणाल्या.

"कट," सलीम म्हणाला. "दाजी, मावशींचं ऐकू येतंय. सगळंच्या सगळं."

"आम्हाला येत नाही," दाजीसाहेब म्हणाले. त्यांना खरंच आलं नव्हतं. आमच्या मंडळीत माझा आवाज ऐकायचा नसतो, त्यावर चालायचं असतं.

"परत घेऊया का?"

"एकदा सांगितलं. रंगभूमीवर रिटेक नसतो."

"तुमचं काम, तुमचं नाव," सलीमनं खांदे उडवले आणि कॅसेट काढून दिली.

पुढं काही आठवडे मुंबईहून काहीच आलं नाही. मग एका सकाळी वाहिनीच्या रोहिणी दिघे स्वतःच कोल्हापुरात उतरल्या. कापलेले केस, खांद्याला पिशवी, दाजीसाहेबांच्या मुलीपेक्षाही लहान. दाजीसाहेबांनी आम्हा सगळ्यांना स्टुडिओत बोलावून घेतलं. सत्कार झालाच तर असावी म्हणून स्वतःची शालही आणली होती. दिघेबाईंनी ती शाल बाजूला सरकवून तिथं पिशवी ठेवली.

"सरनोबत सर, रोबो बोलतो ते काढावं लागेल."

"काढावं? कुठलं वाक्य?"

"सगळं."

सलीम बटणं बघू लागला.

"त्याला तोंड नाहीये ना," दिघेबाई म्हणाल्या. "आणि भाषण संपेपर्यंत राक्षस तिथंच थांबल्यासारखा वाटतो. आमच्या ऑफिसात सगळे फार हसले."

"वीररसाला हसले?"

"खूपच. खरं सांगायचं तर बाकीचे दोन नमुने तुमच्यापेक्षा सफाईदार आहेत. ओठ जुळलेत, आवाज ताजे आहेत. तुमचा आम्ही बाजूला ठेवला होता. पण शेवट बघितला. ते जे यंत्र मुलाच्या कानात बोलतं ना? आधी यंत्र हळूच सांगतं, मग मुलगा तेच स्वतःला सांगतो. मूळ मालिकेत ते नाहीच. तिथं मुलगा एकटा आहे. हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

आण्णांनी छताकडं बघितलं. वहिनींनी माझ्याकडं. दाजीसाहेबांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक इतके भाव गेले की एवढे मी त्यांच्या कुठल्या नाटकात पाहिले नव्हते.

"ती... ती आमचीच योजना," ते म्हणाले. "दिग्दर्शक म्हणून मी विचार केला, यंत्राला तोंड नाही. मग त्यानं मोठ्यानं बोलावंच कशाला?"

"वा," आण्णा म्हणाले. "आणि ते स्वगत?"

"ते... विरोधाभास म्हणून."

"पुढं सगळ्या भागांत यंत्राला तोच आवाज ठेवायचा, एवढी एकच अट आहे," दिघेबाई म्हणाल्या. "कुणाचा आहे तो?"

खाली गिरणी बंद होती. इतकी शांतता त्या जपानी मालिकेतही नव्हती. दाजीसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. आणि मग सवयीनं, आयुष्यभराच्या सवयीनं, त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

पुढचं वाक्य माझ्यापाशी होतं. मी ते सोडलं नाही.

ते बघत राहिले. मी वहीच्या पुठ्ठ्यावरचा धागा काढत बसले. दिघेबाई एकदा त्यांच्याकडं, एकदा आमच्याकडं बघू लागल्या. तो आवाज नाही तर काम नाही, हे दाजीसाहेबांना कळत होतं, आणि या वेळी ते वाक्य त्यांचं त्यांनाच आठवायचं होतं.

"मालनबाई जाधव," ते म्हणाले. मग घसा खाकरून पुढं म्हणाले, "आमच्या मंडळीतल्या... ज्येष्ठ अभिनेत्री."

"उसासा फेम," आण्णा म्हणाले.

दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगला मी पहिल्यांदा बोलायला म्हणून माइकपुढं उभी राहिले. हातात कागद होता. दिघेबाईंनी सक्तीच केली होती. वहिनी शेजारी उभ्या होत्या, केदार होऊन, चष्मा लावून. त्यांना वाचायला फार आवडलं. म्हणाल्या, "एवढं सोपं होतं होय हे! उगाच जन्मभर पाठ करत बसले."

दाजीसाहेबांना काम उरलं नव्हतं. दिघेबाईंनी त्यांना पळून गेलेल्या थोरल्या भावाची भूमिका देऊ केली होती. पण तो बऱ्याच भागांनंतर परत येतो. तोवर काय करू, असं ते प्रत्येकाला विचारत फिरले. शेवटी ते आत आले आणि माझ्या मागं, मी बसायचे त्या जागी, भिंतीला टेकून बसले. मांडीवर वही घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

प्रसंग असा होता. यंत्र समुद्राच्या तळाशी पडलंय. डोळे विझलेत. वरून पाणी गळतंय. केदार विचारतो, "आहेस ना?"

वहिनींनी फार छान विचारलं.

माझ्या कागदावर एकच शब्द होता: आहे. पण पडद्यावर यंत्राचे डोळे अजून विझलेले होते. ते हळूहळू उजळेपर्यंत थांबायचं, असं मी ठरवलं होतं. पोरानं वाट बघितली पाहिजे. घरोघरी टीव्हीपुढं बसलेल्यांनीही बघितली पाहिजे. मी थांबले. पाणी गळत राहिलं. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मागून, खालून, घाबराघुबरा आवाज आला, "आहे... मालनबाई, आहे! ‘आहे’ म्हणा!"

मी मागं न बघता हात वर केला.

"कट!" काचेपलीकडून सलीम ओरडला. "दाजी, तुमचं ऐकू येतंय!"

"मी फक्त कुजबुजलो," दाजीसाहेब म्हणाले.

"तुमची कुजबूज खाली गिरणीत ऐकू गेली असंल."

मी वळले. दाजीसाहेब वही उघडून, बोट त्या एका शब्दावर ठेवून बसले होते. चेहरा अगदी कावराबावरा. विंगेतून नटाची पाठ बघताना काळजाचं काय होतं, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत असावं.

"दाजीसाहेब, मी विसरले नव्हते," मी म्हटलं. "थांबले होते."

"एवढा वेळ?"

"एवढा वेळ."

"परत घेऊया?" सलीमनं विचारलं आणि दाजीसाहेबांकडं बघितलं. वही मिटून त्यांनी मांडीखाली ठेवली.

वहिनींनी पुन्हा विचारलं, "आहेस ना?"

मी थांबले. या वेळी जरा जास्तच.